फ्रॉकची झालर: कापड किती घ्यायचं, चुण्या सारख्या कशा बसवायच्या

ताई, तुमची अडचण मला समजली ती अशी. लेकीला तान्ह्या पोळ्याला घालायला पिवळ्या सुती कापडाचा फ्रॉक शिवला. खालचा घेर 60 इंच भरला, त्याला 6 इंच रुंदीची झालर लावली आणि झालरीचं कापड घेराच्या तिप्पट घेतलं. चुण्या ओढताना दोरा तुटत राहिला. कशीबशी बसली तेव्हा एका बाजूला गोळा, दुसऱ्या बाजूला सपाट. अंगात घातल्यावर तर ती खाली पडायच्या ऐवजी छत्रीसारखी बाहेर उभी राहते. आता उसवून पुन्हा लावायची आहे, जमलं तर तीन थरांत, आणि गळ्यालाही बारीकशी हवी आहे.

मी नागपूरच्या महाल भागात शिवणाचा वर्ग चालवते. झालर बिघडली की सगळ्या जणी चुण्यांना दोष देतात आणि पुन्हा पुन्हा चुण्याच ओढत बसतात. तुमची झालर मात्र मशीनवर बसण्याआधीच, कापड मोजतानाच बिघडली होती. तिप्पट हे माप जॉर्जेट, शिफॉन, नेट, अगदी तलम मलमल यांचं आहे. तुमचं कापड जाडसर सुती. एवढ्या कापडाच्या 180 इंच चुण्या 60 इंचात कोंबल्या की त्यांना आडवं पडायला जागाच उरत नाही. त्या एकमेकींना ढकलतात, शिवणीत जाड दोरखंड तयार होतो आणि तो झालरीला बाहेर लोटतो. दोरा तुटला तोही बराचसा याच भारानं.

किती पट घ्यायचं याचे साधारण आकडे सांगते. डेनिम, जाड सुती, खादी यांना दीडपट पुरे. पॉपलिन किंवा रुबियासारख्या मध्यम कापडाला दुप्पट. जॉर्जेट, शिफॉन, मलमल अडीच ते तिप्पट, नेटला तिप्पट. झालर अगदी अरुंद, इंचभराची असेल तर कुठल्याही कापडाला थोडं कमी चालतं. रुंद असेल तर थोडं जास्त लागतं, कारण वरच्या चुण्या खाली जाईपर्यंत पसरून जातात. पण हे आकडे डोळे मिटून घेऊ नका. त्याच कापडाची 12 इंच लांब पट्टी कापा, झालरीच्याच रुंदीची. तिला चुण्या घाला आणि दिसायला मनासारखी होईल तिथे थांबून मोजा. 12 ची 6 इंच झाली तर दुप्पट, 8 झाली तर दीडपट. दहा मिनिटांचं काम आहे. माझ्या वर्गात हा नमुना केल्याशिवाय मी कुणालाच मोठ्या कापडाला कात्री लावू देत नाही. यातच सुई कितीची लागेल, दोरा ओढला जातो की नाही, इस्त्रीनंतर चुणी कशी पडते, सगळं कळून जातं.

तुमचं कापड जाडसर असलं तरी झालर 6 इंच रुंद आहे, म्हणून मी दुप्पटच धरते, नमुन्यात जड वाटलं तर दीडपटीवर या. हिशोब असा. घेर 60, म्हणजे झालर 120 इंच. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, 44 इंच असला तरी दोन्ही किनारी सोडून कामाचा 43 धरा. 120 इंचांना तीन पट्ट्या लागतात. तीन पट्ट्यांचे 129 इंच होतात, त्यातून तीन जोडांना दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच म्हणून 3 इंच गेले, उरले 126. थोडं जास्त आहे ते चुण्यांत मुरतं. रुंदी तयार 6 इंच हवी तर वर शिवणीला अर्धा, खाली दुमडायला अर्धा, म्हणजे 7 इंचांची पट्टी. तीन पट्ट्यांना 21 इंच कापड, म्हणजे जेमतेम 55 सेंटिमीटर. तरी पाऊण मीटर घ्या, कारण सुती कापड आटतं.

आटण्यावरून महत्त्वाचं. झालरीचं कापड आणि फ्रॉकचं कापड वेगवेगळं असेल तर दोन्ही आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापा. फ्रॉक आटला आणि झालर नाही, किंवा उलटं झालं, तर पहिल्या धुण्यातच शिवण गोळा होते आणि ती मग इस्त्रीनं सरळ होत नाही. पोळ्याचे दिवस पावसाचे, आपल्याकडे तेव्हा कापड लवकर वाळत नाही. म्हणून गांधीबागेतून किंवा इतवारीतून कापड आणलं की त्याच दिवशी भिजवा, शिवायच्या आदल्या रात्री नको. लाल किंवा निळ्या गडद कापडावर पांढरी झालर लावणार असाल तर गडद कापड पाणी निवळ येईपर्यंत धुऊन घ्या.

पट्ट्या कोणत्या दिशेनं कापायच्या हेही बहुतेक जणी बघत नाहीत. पन्ह्यात आडव्या कापा, एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत. कापडाचा उभा धागा जास्त ताठ असतो. पट्टी आडवी कापली की हा धागा झालरीत वरून खाली येतो, चुण्या त्याच्या बरोबरीनं पडतात आणि झालर छान लोंबते. कापडाच्या लांबीत पट्टी कापली तर जोड कमी येतात हे खरं, पण चुणी ताठ उभी राहते. साध्या सुती कापडाला किनारीजवळ छोटा काप देऊन हातानं फाडलं तरी पट्टी अगदी धाग्यात येते. फाडलेली कड मात्र इस्त्रीनं सपाट करून घ्यायची. उरेब, म्हणजे तिरकी कापलेल्या पट्टीची झालर मऊ पडते आणि तिचे धागेही फारसे सुटत नाहीत, पण शिवताना ताणली जाते. पहिल्याच झालरीला उरेब घेऊ नका.

आता कामाचा क्रम. आधी तीनही पट्ट्या जोडून गोल करा आणि जोडांना इंटरलॉक मारून घ्या. मग खालची कड दुमडा. चुण्या घालून झाल्यावर कड दुमडायला गेलात तर पट्टी हातात राहत नाही. सुती कापडाला दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) दुमडून, पुन्हा दोन सूत दुमडून कडेला शिलाई मारली की झालं. जॉर्जेट, शिफॉन असेल तर घरी दुमडायचा खटाटोप न करता सरळ पिको करून आणा. साड्यांना फॉल-पिको लावणारी दुकानं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. गोल जोडलेली पट्टी त्यांना द्या, दोऱ्याचा रंग समोर धरून मिळवा आणि पट्टी ओढून पिको करू नका म्हणून सांगा, कारण ओढली की कड लाटालाटांची होते. नागमोडी कड मुद्दाम हवी असेल तेव्हा मात्र ओढूनच करतात.

यानंतर चुण्यांच्या शिलाया. मशीनचा टाका सर्वांत मोठा करा. वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करा आणि तुकड्यावर शिवून खालचा दोरा सहज सरकतो का पाहा. ओढायचा दोरा बॉबिनचा असतो, म्हणून बॉबिनमध्ये मजबूत पॉलिस्टर दोरा भरा, शक्यतो कापडापेक्षा वेगळ्या रंगाचा, म्हणजे नंतर काढताना दिसतो. जुना, ठिसूळ सुती दोरा इथे नको. शिलाया दोन मारायच्या: पहिली कडेपासून दोन सुतांवर, दुसरी पाच सुतांवर. पक्की शिलाई नंतर या दोघींच्या मधून, चार सुतांवर म्हणजे अर्ध्या इंचावर जाते. दोन्ही बाजूंनी दोरा असल्यामुळे चुणी सरळ उभी राहते, पक्की शिलाई मारताना आडवी पडत नाही. एकाच शिलाईवर ओढलेली झालर कधीच नीट बसत नाही, कारण चुणीचं वरचं टोक मोकळं राहून ती सुईखाली तिरकी होते. सॅटिन आणि ऑर्गन्झावर सुईची भोकं राहतात, तिथे दुसरी शिलाई तीन सुतांवर घ्या, म्हणजे दोन्ही शिवणीच्या आत लपतात.

दोरा तुटण्याचं दुसरं कारण इथेच आहे. तुम्ही बहुधा 180 इंच एकच सलग शिलाई मारून एका टोकानं ओढत आणलंत. इतक्या लांबीला दोरा तुटणारच. झालरीचे आणि घेराचे, दोघांचेही चार सारखे भाग करा. घेराच्या मागच्या, पुढच्या आणि दोन्ही बाजूंच्या मधावर खडूची खूण. झालर गोल धरून तिच्याही चार खुणा. चुण्यांच्या शिलाया प्रत्येक पावात, म्हणजे चौथ्या भागात, स्वतंत्र मारा, दोन्ही टोकांना दोरा चार बोटं लांब ठेवून. आणि पट्ट्यांच्या जोडावर आलात की थांबा. जोडाच्या जाडीवरून चुणीची शिलाई गेली की दोरा तिथे अडकतो, आणि तुम्ही जोर लावला की तुटतो. जोडाच्या अलीकडे संपवा, पलीकडून नवी सुरू करा.

मग झालरीची सुलट बाजू घेराच्या सुलट बाजूवर ठेवून चारही खुणा टाचण्यांनी जोडा. आता एका पावात झालरीचे 31 इंचांच्या जवळपास आहेत आणि घेराचे 15. दोन्ही शिलायांचे बॉबिनचे दोरे एकत्र धरा आणि पावाच्या दोन्ही टोकांकडून मधाकडे चुण्या सरकवा, निम्म्या इकडून, निम्म्या तिकडून. माप जुळलं की दोरे टाचणीभोवती आठाच्या आकड्यासारखे गुंडाळा. एका पावाच्या चुण्या दुसऱ्या पावात जाऊच शकत नाहीत, म्हणून एका बाजूला गोळा होणं इथेच थांबतं. पावाच्या आतही कमी-जास्त वाटलं तर मधोमध आणखी एक टाचणी लावून आठ भाग करा. नंतर नखानं किंवा सुईच्या टोकानं चुण्या सारख्या करा, त्या कडेला काटकोनात उभ्या दिसल्या पाहिजेत. या जागी वेळ लागू द्या. माझ्या मते सगळ्या कामातला निम्मा वेळ इथे गेला तरच झालर चांगली होते.

पक्की शिलाई मारताना झालर वर, घेर खाली. चुण्या डोळ्यांसमोर राहतात. टाका आता नेहमीचा, वरचा ताणही परत जागेवर. सुईच्या दोन्ही बाजूंना एकेक बोट ठेवून कापड हलकंसं आडवं ताणून धरा, म्हणजे चुणी घडी होऊन सुईखाली जात नाही. टोच्याच्या टोकानं चुणी सरळ ठेवली तर आणखी चांगलं. जोड आला की चाक हातानं फिरवा. दोन-तीन इंच झाले की थांबून उलट बाजू पाहा, घेराचं कापड चिमटीत तर आलं नाही ना. सगळं मनासारखं झालं की पाच सुतांवरचा दोरा काढून टाका. दोन सुतांवरचा आतच राहू द्या.

आता झालर उभी का राहते याचं उरलेलं कारण. शिवणीचा माल, म्हणजे शिलाईच्या आत उरलेलं कापड, खालच्या दिशेला, झालरीमागे पडला की तो तिला मागून टेकू देतो. तो वर, फ्रॉकच्या बाजूला वळवायचा असतो. इंटरलॉक करा, माल वर घालून इस्त्री करा आणि सुलट बाजूनं शिवणीच्या एक सूत वर, फ्रॉकच्या कापडावरून एक शिलाई फिरवा. या शिलाईनं माल कायमचा वर बसतो आणि झालर आपोआप खाली येते. इस्त्री खालून वर चुण्यांमध्ये टोक घालत करायची. शिवणीवर सपाट दाबली तर इतका वेळ लावून केलेल्या चुण्या चिरडून जातात.

तीन थरांचे दोन प्रकार आहेत आणि तुम्हाला कोणता हवा ते आधी ठरवा. पहिल्यात आत साधा घेर असतो आणि त्यावर तीन झालरी एकाखाली एक लावतात. घेर वर अरुंद, खाली रुंद असतो, म्हणून प्रत्येक उंचीवरचं माप वेगळं घ्या. तुमच्या फ्रॉकला खाली 60 असेल तर मधे 52 आणि वर 44 असं काहीतरी भरेल. तिन्हींना 60 चा हिशोब लावला तर वरची झालर सर्वांत दाट होऊन कमरेशी फुगते. खडूनं तीन रेघा आखा, सर्वांत खालची झालर आधी लावा आणि वर चढत या, म्हणजे वरची झालर मशीनखाली मधे येत नाही. प्रत्येक झालर खालच्या झालरीच्या शिवणीवर इंचभर तरी उतरली पाहिजे, नाहीतर मूल धावलं-वाकलं की शिवण उघडी दिसते. आतला घेर हलक्या अस्तराच्या सुती कापडाचा घ्या. मूळ जाड कापडच आत घेतलं तर फ्रॉक इतका जड होतो की कमरेची शिवण ओढली जाते. एवढं करूनही जड वाटला तर कमरेच्या शिवणीत सुती फीत घालून शिवा.

दुसऱ्या प्रकारात थरच एकमेकांना जोडलेले असतात, आत घेर नाही. इथे पटीचा हिशोब नीट पाहा. कंबर 24 इंच असेल आणि प्रत्येक थर दीडपट घेतला तर 36, 54, 81 असे थर होतात. दुप्पट घेतला तर 48, 96, 192. शेवटचा थर जवळजवळ 5 मीटर. लहान मुलीच्या अंगावर सुती कापडाचा हा भार नको. दीडपटच ठेवा. तीन थरांची उंची सारखी न ठेवता खालचा थर थोडा मोठा ठेवलात तर नजरेला बरं दिसतं. आणि तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल ओढत गल्लीभर फिरतात, रस्ता ओला असतो, तेव्हा फ्रॉक घोट्याच्या निदान 3 इंच वर राहू द्या.

चुण्या नकोच असतील तर गोल कापलेली झालर हाही चांगला मार्ग आहे, विशेषतः जॉर्जेट आणि क्रेपला. कापडाचं कडं कापायचं, ते एका जागी उघडायचं आणि आतली कड सरळ ताणून घेराला शिवायची. बाहेरची कड लांब असते, ती आपोआप लाटा घेत पडते. शिवणीची त्रिज्या साडेतीन इंच घेतली तर आतला परीघ 22 इंच येतो. तीन कड्यांचे 66, जोडांचे 3 गेले, उरले 63, म्हणजे 60 च्या घेराला पुरतात. उरलेलं शेवटी कापून टाका. कापताना आतली रेघ तीन इंचांवर मारा, अर्धा इंच शिवणीला लागतो. त्या अर्ध्या इंचात जवळजवळ कात्रीचे काप द्या, शिलाईच्या रेघेच्या किंचित अलीकडे थांबून, तरच ती कड सरळ होते. त्रिज्या लहान घ्याल तितक्या लाटा जास्त. शिवून झालं की फ्रॉक एक दिवस टांगून ठेवा. कड्याचा काही भाग उरेबवर येतो, तो लोंबून लांब होतो. दुसऱ्या दिवशी खालची कड सारखी कापून मगच पिकोला द्या. पहिला प्रयत्न जुन्या साडीवर करा, कापड यात बरंच वाया जातं.

साडीवरून सांगते, जुन्या सुती साडीचा काठ झालरीला फार छान. साडी साडेपाच मीटरची, म्हणजे 216 इंच बिनजोडाची पट्टी मिळते आणि काठाची कड विणतानाच बंद झालेली असते, दुमडायचं कामच नाही. फक्त ही पट्टी कापडाच्या लांबीतली, म्हणून ताठ राहते. तिला दीडपटीच्या वर नेऊ नका, आणि काठ जाड असेल तर चुण्यांऐवजी अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या घड्या घालून इस्त्रीनं बसवा. आपल्या विदर्भातली करवतकाठी घरात असेल तर मात्र तिला कात्री लावू नका. करवतीच्या दात्यांची ती नक्षी सपाट असतानाच दिसते, चुण्यांत पूर्ण हरवते. एवढ्या मेहनतीनं विणलेला काठ असा घालवणं मला पटत नाही.

तुमच्या मशीनला झिगझॅग असेल तर जाड कापडासाठी एक सोपी रीत आहे. कडेपासून दोन-तीन सुतांवर मजबूत नायलॉनचा बारीक दोरा ठेवा आणि त्यावरून झिगझॅग मारा, सुई त्या दोऱ्यात घुसू न देता. मग तो दोरा ओढा, तुटायची भीती नाही. साधी काळी मशीन असेल तर दुहेरी दोऱ्यानं हाताचा धावदोरा घाला, वेळ लागतो पण चुण्या सर्वांत सुबक याच पडतात. चुण्या घालायचा वेगळा फूट मिळतो, तो पातळ कापडावर चालतो. त्यात किती पट होईल ते आधी ठरवता येत नाही, म्हणून तिथेही 12 इंचांचा नमुना करून, किती आखूड झाला ते मोजून मगच पट्टी कापायची.

गळ्याची झालर. रुंदी तयार सव्वा इंच, कापड शक्यतो मलमल किंवा रुबिया, फ्रॉकचंच जाड कापड नको. दीडपट घ्या, उन्हाळ्यात घालायचा असेल तर त्याहून कमी. पट्टी दुहेरी दुमडून, दोन्ही उघड्या कडा एकत्र धरून चुण्या घाला, म्हणजे खाली दुमड लागत नाही आणि मानेला कड टोचत नाही. गळ्याच्या शिवणीवर आतून उरेब पट्टी लावून माल पूर्ण झाकून टाका. इथे इंटरलॉकची उघडी कड ठेवली की घामानं लेकराच्या मानेवर पुरळ येतं.

आता तुमचा शिवलेला फ्रॉक. झालर उसवताना कात्रीनं ओरबाडू नका, दर चार-पाच टाक्यांनी एक टाका तोडा आणि मागचा दोरा ओढून काढा. मग 180 इंचांतले साधारण 60 इंच बाजूला काढून जोड पुन्हा घाला. कापड वाया जाणार नाही: त्या पट्टीची कड आधीच दुमडलेली आहे, ती बाह्यांना दीडपटीनं लावायला पुरेल.